सहा इंची दुर्बिणीतून वास्प-१२ बी चे अधिक्रमण कसे टिपावे

सारथी तारकासमूहात वास्प-१२ नावाचा ११.६ प्रतीचा तारा आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद). नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि दुर्बिणीतूनही शेजारच्या ताऱ्यांहून वेगळा वाटत नाही. पण दर २६ तास १२ मिनिटांनी त्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उतरतो आणि तीन तासांत पूर्ववत होतो. त्या वेळात वास्प-१२ बी हा त्याचा ग्रह बिंबावरून सरकत असतो, यालाच अधिक्रमण म्हणतात. गुरूच्या १.९ पट त्रिज्येचा हा वायूचा गोळा ताऱ्यापासून जेमतेम ३५ लाख किलोमीटरवर फिरतो. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटर लांब आहे. एवढ्या जवळीकीमुळे ग्रहाचे तापमान २,५०० केल्विनच्या आसपास आहे. तप्त गुरू म्हणतात त्या गटातले हे अगदी टोकाचे उदाहरण.

हा ग्रह २००८ साली सुपरवास्प या ग्रहशोध प्रकल्पाने शोधला, तोही २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या साध्या कॅमेरा लेन्स वापरून. म्हणजे १५० मिमी व्यासाची, आपल्याकडे सहा इंची म्हणतात ती दुर्बीण या कामाला पुरेशी आहे. दीड टक्का मोजायला आरशाचा आकार कमी पडत नाही, कमी पडते ती स्थिरता. पाच तास तारा त्याच पिक्सेलांवर राहिला पाहिजे, फोकस, एक्स्पोजर आणि कॅमेऱ्याचा कोन बदलता कामा नये. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एकाच गरजेतून आल्या आहेत.

रात्र निवडणे

आकाशातली जागा सांगायची तर वास्प-१२ चा विषुवांश ६ तास ३० मिनिटे ३३ सेकंद आणि क्रांती +२९ अंश ४० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). वृषभेतला अग्नी (बीटा) आणि मिथुनेतला कॅस्टर यांच्या बरोबर मध्यावर नजर ठेवा आणि तिथून दीडेक अंश दक्षिणेला या. डिसेंबरच्या शेवटी पुण्या-मुंबईहून हा तारा रात्री साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान माथ्यावर येतो. त्याची उंची तेव्हा ७९ अंश असते. ३० अंशांच्या वर तो पावणेनऊ तासांच्या आसपास राहतो. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वात कोरड्या आकाशाचा. या ग्रहाची निवड करण्यामागे हे मोठे कारण आहे. बऱ्याच नामांकित तप्त गुरूंचा ऐन हंगाम आपल्याकडे पावसाळ्यात वाया जातो.

परिभ्रमणकाळ १.०९१४२ दिवसांचा असल्याने अधिक्रमण रोज २ तास १२ मिनिटे उशिरा येते. अकरा फेऱ्या झाल्या की १२ दिवस आणि आठ मिनिटे होतात, म्हणून तीच वेळ दर बाराव्या दिवशी परत मिळते. तीन तासांचे अधिक्रमण, त्याच्या आधी एक तास, नंतर एक तास असा पाच तासांचा सलग पट्टा अंधारात आणि ३० अंशांच्या वर बसवायचा, तर बारा दिवसांत एखाद-दुसरीच रात्र हाती लागते. या रात्री आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि चंद्र ३० अंशांपेक्षा जवळ असेल त्या वगळा.

अंदाजित वेळ काढायला नासाच्या एक्झोप्लॅनेट अर्काइव्हची अधिक्रमण सेवा, झेक खगोल संस्थेचा ईटीडी हा माहितीसाठा किंवा एक्झोक्लॉकचे वेळापत्रक वापरा. जुन्या लेखातला परिभ्रमणकाळ घेऊन स्वतः गुणाकार करू नका. वास्प-१२ बी ची कक्षा आकसते आहे. ताऱ्यावर उठणाऱ्या भरतीमुळे ग्रहाची ऊर्जा खर्ची पडते आणि परिभ्रमणकाळ दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतो. २०२० पर्यंतच्या निरीक्षणांनी हे पक्के केले. २९ मिलिसेकंद नगण्य वाटतात, पण वर्षाला ३३० हून जास्त फेऱ्या होतात आणि फरक साचत जातो, काळाच्या वर्गाच्या प्रमाणात. हिशेब केला तर १० वर्षांत अधिक्रमण सुमारे ८ मिनिटे आणि २० वर्षांत अर्ध्या तासाहून अधिक लवकर येते. जुने आकडे धरून बसलात तर आधीची तासाभराची मोकळी नोंद अर्ध्यावर येईल.

वेळापत्रकातली वेळ बहुधा जागतिक वेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा आणि तारखेकडे नीट बघा. १४ जानेवारीची १९:१० ही जागतिक वेळ म्हणजे आपल्याकडे १५ तारखेचे रात्रीचे १२:४०. तयारी १४ च्या संध्याकाळी करायची असते. या एका गोंधळाने पूर्ण रात्र हुकते.

सामान

१५० मिमी व्यासाची, ७५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण उदाहरणादाखल धरू. २०० मिमीची असेल तर उत्तमच, १०० मिमीच्या चांगल्या रिफ्रॅक्टरवरही (भिंगाच्या दुर्बिणीवरही) वक्र, म्हणजे वेळेनुसार प्रकाशाचा आलेख, येतो, बिंदू अधिक पसरतात इतकेच. माउंट मात्र विषुववृत्तीय, म्हणजे एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेले, हवे. वर-खाली आणि आडव्या फिरणाऱ्या ऑल्ट-ॲझिमथ माउंटवर चित्र फिरत राहते, आणि वास्प-१२ तर माथ्यापासून अकरा अंशांवरून जातो. तिथे अशा माउंटला सगळ्यात वेगाने वळावे लागते आणि चित्रही सगळ्यात वेगाने फिरते.

कॅमेरा थंड करता येणारा मोनोक्रोम (कृष्णधवल) सीमॉस सेन्सरचा असला तर उत्तम. रंगीत कॅमेरा किंवा डीएसएलआरही चालतो, पण रॉ फाइलच घ्या. जेपेगमध्ये प्रकाशाचे प्रमाण मोडलेले असते, त्यावर मोजणी होऊ शकत नाही. रंगीत सेन्सरवर हिरव्या पिक्सेलांची बेरीज वापरा, रंग भरणारे इंटरपोलेशन करू नका. फिल्टर आर (लाल) घ्या किंवा ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा अडवणारा सीबीबी. निळा प्रकाश वातावरणात जास्त विखुरतो. तो अडवला की तारा खाली उतरताना दिसणारा खोटा उतार बराच कमी होतो, चांदण्याचा त्रासही घटतो.

विजेचा हिशेब आधी करा. माउंट, थंड कॅमेरा आणि दव रोखणारा ड्यू हीटर मिळून १२ व्होल्टवर सहज ५ अँपिअर ओढतात. पाच तासांचे २५ अँपिअर-तास झाले, त्यात मांडणी आणि फ्लॅटचा (सारख्या उजेडात घेतलेल्या दुरुस्ती-फ्रेमचा) वेळ वेगळा. ४० ते ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे तिची क्षमता दुप्पट धरा. लॅपटॉपला वेगळा पुरवठा ठेवा. व्होल्टेज पडले की सगळ्यात आधी माउंट अडखळते, आणि ते बहुधा पहाटे घडते.

ध्रुवाकडे तोंड करणे

आपल्या अक्षांशावर हे काम युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकात लिहिले असते तितके सरळ नाही. महाराष्ट्रात ध्रुवतारा १६ ते २२ अंशांवरच असतो, गोव्यात त्याहूनही खाली. इमारत, झाड, शहराच्या दिव्यांची धूसर पट्टी, काहीही त्याला झाकते. ध्रुव दिसत नसेल तर निना या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पद्धत वापरा. आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागात तीन फोटो काढून ती अक्ष किती चुकला आहे ते सांगते. शार्पकॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीला ध्रुवाजवळचा भाग दिसावा लागतो.

दुसरी अडचण यंत्राची. काही जर्मन माउंट (काउंटरवेटने तोललेले विषुववृत्तीय माउंट) १८ अंशांवर झुकवले की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला टेकतो. ट्रायपॉड फिरवून मोकळीक काढा, आणि ती दिवसा, हाताने माउंट पूर्ण फिरवून तपासा. वास्प-१२ माथ्याजवळून जाताना लांब नळी ट्रायपॉडवर आदळू शकते, तेही तेव्हाच बघून घ्या.

अक्ष दोन-तीन कलांच्या आत आला तरी गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत सावरणे, लागते. गाइड दुर्बीण वेगळी बसवली असेल तर ती मुख्य नळीच्या मानाने हळूहळू वाकते. गाइडिंगचा आलेख सरळ दिसतो, पण पाच तासांत तारा सेन्सरवर ३० पिक्सेल सरकलेला असतो. उपाय दोन आहेत. मुख्य नळीतलाच प्रकाश वापरणारा ऑफ-ॲक्सिस गाइडर लावा, नाहीतर दर २० मिनिटांनी प्लेट-सॉल्व्ह करून (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीची नेमकी दिशा काढून) तारा पुन्हा जागेवर आणा. डिदरिंग, म्हणजे फ्रेमागणिक दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणे, बंद ठेवा. सुंदर छायाचित्रासाठी ते उपयोगी आहे, इथे घातक.

एक्स्पोजरचे गणित

एक मिनिटाची एकच फ्रेम जवळून पाहू. ११.६ प्रतीच्या ताऱ्याकडून हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात दर सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २० फोटॉन येतात. १५० मिमीच्या आरशाचे, मधला अडथळा वजा जाता, सुमारे १५० चौरस सेंटिमीटर उरतात. म्हणजे सेकंदाला ३,००० फोटॉन. त्यातले निम्मे सेन्सरवर नोंदले गेले असे धरले तर ६० सेकंदांत ९०,००० इलेक्ट्रॉन जमतात. याचे वर्गमूळ ३००, म्हणजे एका फ्रेमची उपजत अनिश्चितता ०.३३ टक्के. ग्रहाची खूण १.४ टक्क्यांची आहे, म्हणजे चौपट. तारा लुकलुकण्यामुळे यात आणखी सुमारे ०.१४ टक्क्याची भर पडते, ती फारशी नाही.

आता शहराचे आकाश. उजळलेल्या आकाशात एका पिक्सेलवर मिनिटाला अंदाजे २६५ इलेक्ट्रॉन आकाशाचेच पडतात (पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे इथे साधारण एक विकला, कलेचा साठावा भाग). ८ पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळात २०० पिक्सेल येतात, म्हणजे ५३,००० इलेक्ट्रॉन. अनिश्चितता ०.४२ टक्क्यावर जाते. तेच वर्तुळ १५ पिक्सेल त्रिज्येचे केले की आत ७०७ पिक्सेल येतात आणि अनिश्चितता ०.५८ टक्के होते. तारा किती पसरवायचा हे इथे ठरते. अधिक्रमण टिपताना तारा भरपूर डिफोकस करा असा सल्ला सरसकट दिला जातो. तो आठव्या-नवव्या प्रतीच्या ताऱ्यांना लागू आहे, कारण ते पटकन संपृक्त होतात, म्हणजे पिक्सेल काठोकाठ भरतात. वास्प-१२ ला शहरातून तसे केले तर आकाशाचा कचराच जास्त गोळा होतो. नेमका फोकस केल्यावर ताऱ्याची रुंदी ३ पिक्सेल येत असेल तर फोकसर थोडा हलवून ती ५ ते ६ करा. पिक्सेलांमधला फरक वाटला जाईल एवढे पसरणे हवे, त्याहून जास्त नको.

एक्स्पोजर ६० ते १२० सेकंद ठेवा. नेमक्या फोकसलाही ६० सेकंदांत मधल्या पिक्सेलवर साधारण ९,००० इलेक्ट्रॉन येतात, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत संपृक्ततेच्या बरेच खाली. पण तुलनेसाठी निवडलेला प्रत्येक ताराही तपासा. १६ बिटच्या फाइलमध्ये कोणाचाही शिखर आकडा ४०,००० च्या वर जाऊ देऊ नका, १४ बिटच्या डीएसएलआरमध्ये १०,००० च्या. संध्याकाळी तारा खाली असतो, मध्यरात्री माथ्यावर येऊन उजळतो आणि हवा शांत झाली की बारीकही होतो. सुरुवातीला जेमतेम बसणारा आकडा मध्यरात्री उतू जातो. संपृक्त झालेला तुलना तारा वक्राला मधेच सपाट टेकडी आणतो आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही.

एकदा ठरले की एक्स्पोजर रात्रभर तेच. पातळ ढग आला म्हणून वाढवू नका.

तुलना तारे

मोजायचे असते ते वास्प-१२ आणि शेजारच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे गुणोत्तर. धूळ, पातळ ढग, उंचीतला बदल सगळ्यांवर सारखाच परिणाम करतात आणि भागाकारात निघून जातात. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा तारे एकमेकांसारखे असतील.

चार ते सहा तारे घ्या, १०.८ ते १२.३ प्रतींच्या दरम्यानचे. रंग वास्प-१२ शी मिळता हवा. तो सूर्यापेक्षा थोडा तप्त, सुमारे ६,३०० केल्विनचा एफ प्रकारचा तारा आहे. लालभडक राक्षसी तारा शेजारी असेल तर मोह टाळा. तारे खाली उतरताना वातावरण निळ्याचा प्रकाश लालपेक्षा जास्त खाते, आणि ग्रह गेल्यानंतरचा भाग तिरका दिसतो. निवडलेला प्रत्येक तारा एएव्हीएसओ या निरीक्षक संघटनेच्या व्हीएसएक्स यादीत रूपविकारी (प्रकाश बदलणारा) म्हणून नोंदलेला नाही ना, ते पाहा. सेन्सरच्या कडेपासून १०० पिक्सेल आत रहा.

वास्प-१२ च्या अगदी लगत, सुमारे एका विकलेवर, दोन मंद लाल खुजे तारे आहेत. आपल्या दुर्बिणीत ते वेगळे होत नाहीत आणि त्यांचा प्रकाश मोजणीतच मिसळतो. त्यामुळे अधिक्रमणाची खोली किंचित कमी भरते, वेळेत काही फरक पडत नाही.

रात्रीचा क्रम

१. सूर्यास्ताआधी मांडणी पूर्ण करा. दुर्बीण बाहेर ठेवून निदान एक तास निवू द्या. गरम आरसा पहिल्या तासात फोकस हलवतो, आणि नेमका तोच तास अधिक्रमणाआधीचा असतो.

२. लॅपटॉपचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवा आणि सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी ते जुळवत राहील असे ठेवा. मोबाइल नेटवर्क नसलेल्या जागी जीपीएस लावा. एक सेकंदाची अचूकता पुरते.

३. कॅमेरा थंड करा, पण रात्रभर टिकेल एवढाच. हिवाळ्यात उणे १० अंश सेल्सिअस बहुतेक कॅमेरे आरामात धरतात. कूलरची शक्ती ८० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे.

४. फोकस करा, ठरवल्याप्रमाणे तो थोडा सैल सोडा, स्क्रू आवळा. तारा मध्यावर आणा. शेवटच्या समायोजनानंतर पाच फ्रेम घेऊन शिखर आकडे बघा.

५. अंदाजित आरंभाच्या एक तास आधी मालिका सुरू करा, समाप्तीनंतर एक तासाने थांबवा. ६० सेकंदांच्या एक्स्पोजरने जवळपास २९० फ्रेम होतात.

६. दर अर्ध्या तासाला ताऱ्याची रुंदी, त्याची जागा आणि आकाशाची पातळी लिहून ठेवा. यातले काही बदलले तर कारण शोधा. मालिका बंद करू नका.

आधीचा आणि नंतरचा तास सोडून द्यायचा मोह होतो, विशेषतः पहाटे तीन वाजता. तो तास सोडला की वक्राला एकच खांदा उरतो. मग एकूण उतार आणि ग्रहाने केलेला उतार यांचा गुंता सुटत नाही आणि मध्यवेळ काही मिनिटांनी चुकते. बिंबाच्या कडेवरून ग्रह आत यायला सुमारे २० मिनिटे लागतात. मध्यवेळेची अचूकता याच २० मिनिटांच्या दोन उतारांवर उभी असते, त्यामुळे त्या काळात दुर्बिणीला हात लावू नका.

जर्मन माउंटवर तारा याम्योत्तर (माथ्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा) ओलांडतो तेव्हा नळी उलटवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पाच तासांच्या कोणत्याही पट्ट्यात हे घडणारच. माउंट याम्योत्तराच्या पुढे तासभर चालू शकत असेल तर उलटवणे पुढे ढकला. नसेल तर अधिक्रमणाच्या सपाट तळात उलटवा, उतारावर कधीही नको. उलटल्यावर चित्र १८० अंशांत फिरते. वास्प-१२ सेन्सरच्या मध्यावर असेल तर तो तिथेच राहतो, तुलना तारे मात्र जागा बदलतात आणि वक्रात बारीक पायरी पडते. ही कटकट पूर्ण टाळायची असेल तर फेब्रुवारीचा शेवट निवडा. तेव्हा तारा रात्री साडेआठच्या सुमारास माथ्यावर येतो आणि पश्चिमेकडे उतरतानाचे सव्वाचार तास ३० अंशांच्या वर मिळतात. उरलेला पाऊण तास २० अंशांपर्यंत खाली जाऊन काढा, किंवा आधीचा खांदा थोडा आखूड ठेवा.

फ्लॅट आणि डार्क

तारा काटेकोर जागेवर राहिला तर खराब फ्लॅटचाही त्रास कमी होतो. तो सरकला तर उत्तम फ्लॅटही पूर्ण वाचवत नाही. दोन्ही गोष्टी लागतात त्या यासाठीच.

फ्लॅट ४० घ्या, सेन्सरच्या क्षमतेच्या निम्म्यापर्यंत भरलेले, आणि कॅमेरा दुर्बिणीवरून काढण्याआधी. आपल्याकडे संधिप्रकाश झपाट्याने सरतो, आकाशाचे फ्लॅट घ्यायला पंधरा-वीस मिनिटेच मिळतात. नळीच्या तोंडावर घट्ट ताणलेले पांढरे कापड आणि त्यावर एलईडी पॅनेल हा मार्ग सोपा. पॅनेल मंद करा आणि फ्लॅटचे एक्स्पोजर एका सेकंदापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर दिव्याचे लुकलुकणे फ्लॅटवर पट्टे उमटवते. डार्क (दुर्बीण झाकून घेतलेल्या फ्रेम) ३०, तेच एक्स्पोजर, तेच तापमान, तोच गेन. फ्लॅटसाठी त्यांचे स्वतंत्र डार्क घ्या. थंड न होणाऱ्या डीएसएलआरचे डार्क त्याच रात्री, मालिकेला जोडून घ्यावेत.

मोजणी

ॲस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर या कामासाठीच घडवले आहे. आधी डेटा प्रोसेसरमध्ये डार्क आणि फ्लॅट लावून सगळ्या फ्रेम शुद्ध करा आणि प्लेट-सॉल्व्ह करा. त्याच टप्प्यावर फाइलच्या हेडरमध्ये एअरमास (ताऱ्याचा प्रकाश हवेच्या किती जाडीतून आला ते) आणि बीजेडी-टीडीबी वेळ, म्हणजे सूर्यमालेच्या केंद्रावरून मोजलेली वेळ, भरून घ्या.

ही वेळेची दुरुस्ती हलक्यात घेऊ नका. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी ताऱ्याच्या जवळ असते, कधी लांब. डिसेंबरअखेर आपण वास्प-१२ च्या बाजूला असतो आणि त्याचा प्रकाश आपल्याला सूर्यमालेच्या केंद्रापेक्षा आठ मिनिटांहून आधी मिळतो. त्यात टीडीबी आणि जागतिक वेळ यांतले ६९ सेकंद मिळवा. एकूण फरक नऊ मिनिटांच्या वर जातो. दुरुस्ती न करता पाठवलेली वेळ पाहून कक्षा बिघडली आहे असे वाटू शकते. आणखी एक तपासा: तुमचे सॉफ्टवेअर हेडरमध्ये एक्स्पोजरची सुरुवात लिहिते की मध्य? मोजणीला मध्य हवा.

मग मल्टी-अपर्चर, म्हणजे अनेक ताऱ्यांभोवती वर्तुळे टाकून आतला प्रकाश मोजणे. वर्तुळाची त्रिज्या ताऱ्याच्या रुंदीच्या दीडपट घेऊन सुरू करा (५.५ पिक्सेल रुंदीला ८), आकाश मोजायचे कडे १५ ते २५ पिक्सेलांवर ठेवा, त्यात दुसरा तारा येत नाही ना ते पाहा. पहिले वर्तुळ वास्प-१२ वर, बाकीची तुलना ताऱ्यांवर. पूर्ण मालिका चालवल्यावर त्रिज्या ७, ८, ९, १० अशी बदलून पुन्हा चालवा आणि बिंदूंचा विखुरलेपणा सर्वात कमी येईल ती ठेवा.

ग्रहाकडे वळण्याआधी प्रत्येक तुलना तारा बाकीच्यांशी ताडून पाहा. जो वाकतो किंवा उड्या मारतो तो काढून टाका. वास्प-१२ चा वक्र सुंदर दिसावा म्हणून तारे निवडू नका, तुलना तारे स्वतः सपाट आहेत का एवढेच पाहा.

फिटिंगमध्ये (बिंदूंवर गणिती वक्र बसवताना) परिभ्रमणकाळ १.०९१४२ दिवस पक्का ठेवा. सुरुवातीचे अंदाज असे द्या: कक्षेची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या ३ पट, कल ८३ अंश, त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग ०.०१४. उतार काढायला एअरमास घ्या. गरज पडली तर आणखी एकच घटक, नळी उलटवली असेल तर ती पायरी. ताऱ्याची रुंदी, जागा, आकाश, सगळे एकदम घातले की वक्र गुळगुळीत होतो आणि खोलीही खोटी येते.

वक्राचा तळ किंचित गोलसर दिसेल. ताऱ्याचे बिंब मध्यापेक्षा कडेला मंद असते, त्यामुळे तसे होते. पाच-पाच फ्रेमची सरासरी घेतली की बिंदूंचा पसारा ०.२ टक्क्याच्या आसपास येतो आणि १.४ टक्क्यांची उतरण डोळ्यांना स्वच्छ दिसते. तिच्यातून ग्रहाचा आकार काढा. ०.०१३७ चे वर्गमूळ ०.११७. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.६६ पट, म्हणजे ११ लाख ५५ हजार किलोमीटर. गुणाकार १ लाख ३५ हजार किलोमीटर, आणि गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर. गुणोत्तर १.८९.

वक्र बिघडला तर

सगळ्या ताऱ्यांचा प्रकाश एकदम, हळूहळू उतरत जातो: दव. घाटमाथ्यावर आणि नदीकाठी डिसेंबरात मध्यरात्रीनंतर हमखास पडते. ड्यू हीटर सुरुवातीपासून मंद चालू ठेवा. दव जमल्यावर पुसू नका, पुसल्याने फ्लॅट निरर्थक होतात.

सगळे तारे खालीवर होतात, गुणोत्तर मात्र टिकते: पातळ ढग. बिंदू ठेवा. प्रकाश निम्म्यावर आला असेल ते तेवढे काढा.

वक्रात सात-आठ मिनिटांची नियमित लाट: बहुतेक वेळा माउंटच्या वर्म गिअरची नियतकालिक चूक. एक्स आणि वाय जागांचा आलेख काढा, तीच लाट तिथे दिसेल. गाइडिंग सुधारा आणि फ्लॅट पुन्हा तपासा.

शेवटच्या तासात वक्र वाकतो: तारा खाली गेला आहे आणि तुलना ताऱ्यांचा रंग जुळत नाही. लालसर तारे काढून पुन्हा मोजा.

उतरण दिसतच नाही: आधी तारीख आणि जागतिक वेळ तपासा, मग योग्य तारा मोजला का ते प्लेट-सॉल्व्ह करून पाहा. दोन्ही बरोबर असतील तर एका तुलना ताऱ्याचे शिखर आकडे बघा.

निकाल कुठे द्यावा

चांगल्या रात्री सहा इंची दुर्बिणीने मध्यवेळ एक ते दोन मिनिटांच्या अनिश्चिततेने मिळते. एकट्या नोंदीतून कक्षेचे आकसणे दिसणार नाही, पण वर्षानुवर्षे साचलेला मिनिटांचा फरक अशा नोंदींच्या साखळीतून दिसतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या एरियल दुर्बिणीला ग्रहांच्या अचूक वेळा लागतील. त्यासाठीच एक्झोक्लॉक हा प्रकल्प हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेतो आणि हॉप्स हे स्वतःचे मोजणीचे सॉफ्टवेअर देतो. नासाच्या एक्झोप्लॅनेट वॉच या तशाच प्रकल्पासाठी एक्झॉटिक हे सॉफ्टवेअर वापरतात. नोंद पाठवताना फिल्टर, एक्स्पोजर, वेळेचा प्रकार आणि निरीक्षण स्थळाचे अक्षांश-रेखांश द्या. वक्र अर्धवट असेल तर तसे लिहून पाठवा. कच्च्या फ्रेम, डार्क आणि फ्लॅट जपून ठेवा, पुढे मोजणीची पद्धत सुधारली की त्या पुन्हा वापरता येतात.

पहिलाच प्रयत्न असेल तर वास्प-१२ बी आधी देवयानीतला हॅट-पी-३२ बी घ्या. तारा ११.३ प्रतीचा, खोली २.२ टक्के, अवधी तीन तासांपेक्षा थोडा जास्त, ऑक्टोबर ते जानेवारी. फेब्रुवारी ते एप्रिलसाठी षडंश तारकासमूहातला वास्प-४३ बी आहे. तो १२.४ प्रतीच्या मंद ताऱ्याभोवती साडेएकोणीस तासांत फेरी मारतो. खोली अडीच टक्के आणि अधिक्रमण सव्वा तासाच्या आत संपते, त्यामुळे रात्रभर जागावे लागत नाही. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या संध्याकाळी, एचडी १८९७३३ बी मिळतो. त्याचा तारा ७.७ प्रतीचा आहे आणि तेवढे तेजस्वी तुलना तारे दुर्बिणीच्या चौकटीत क्वचितच येतात. त्यासाठी डीएसएलआरला २०० मिमीची लेन्स लावा, फोकस चांगला सोडा आणि माउंटवर १५ ते ३० सेकंदांची एक्स्पोजर घ्या.